सही कुणाची? १९७३ मधले दोन पेशंट आणि वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय थोडा जड आहे. लोकलमध्ये, बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल तर ठीक. जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, कारण सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगणार आहे आणि त्या ऐकायला सोप्या नाहीत.

विषय असा: हॉस्पिटलमध्ये पेशंटचं काय करायचं हे कुणी ठरवायचं? आणि ठरवायचं तर कशाच्या आधारावर? यालाच वैद्यकीय नीतिशास्त्र म्हणतात. नाव ऐकून वाटतं की हे मेडिकल कॉलेजच्या पोरांनी परीक्षेपुरतं पाठ करायचं काहीतरी असेल. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी तो आयसीयूचा फॉर्म येणार आहे. 'इथे सही करा' म्हणून बोट दाखवलं जाणार आहे. त्यामुळे हा विषय आपलाही आहे.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. मी कोड लिहितो. आमच्याकडे एखादा छोटा बदल करायचा झाला तरी तो कुणी मागितला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला याची नोंद असते. म्हणून या विषयाचं वाचायला घेतलं तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की माणसाच्या शरीराच्या बाबतीत मंजुरी नक्की कुणाची लागते? उत्तर वाटलं तितकं सोपं निघालं नाही.

चला, सुरू करूया. वर्ष १९७३.

पहिला पेशंट: जो बोलत होता

अमेरिकेतलं टेक्सास राज्य. जुलै १९७३. डॅक्स कावर्ट नावाचा पंचविशीतला तरुण. हवाई दलात पायलट होता, नंतर वडिलांबरोबर जमिनीच्या व्यवहारात आला. दोघं बापलेक एक जमीन बघायला गेले होते. तिथल्या पाइपलाइनमधून प्रोपेन गॅस गळत होता, याची त्यांना कल्पना नव्हती. गाडी सुरू करताना ठिणगी पडली आणि स्फोट झाला. वडील गेले. डॅक्सचं जवळपास दोन तृतीयांश शरीर भाजलं. डोळे गेले, हाताची बोटं गेली.

त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं, मला उपचार नकोत. मदतीला धावून आलेल्या शेतकऱ्याकडे त्याने बंदूक मागितली होती. हॉस्पिटलमध्ये रोज जंतुनाशक पाण्याच्या टाकीत बुडवून जखमा धुवायचे. त्या वेदना किती असतील याची आपण कल्पनासुद्धा करू शकत नाही. आणि त्या काळी भाजलेल्या पेशंटला वेदनाशामक औषधं फार हात राखून दिली जायची. डॅक्स ओरडून सांगत होता, थांबवा. डॉक्टर थांबले नाहीत. संमती कुणाची घेतली? त्याच्या आईची.

एका मानसोपचारतज्ज्ञाने त्याला तपासलं. निष्कर्ष काय, तर माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, त्याला सगळं कळतंय, स्वतःचा निर्णय घ्यायला तो सक्षम आहे. त्या भेटीचं चित्रीकरणही आहे. तरीही उपचार चालू राहिले.

आणि डॅक्स वाचला. पुढे कायद्याचं शिक्षण घेऊन वकील झाला, लग्न केलं, देशभर भाषणं दिली. २०१९ मध्ये वारला, म्हणजे अपघातानंतर पंचेचाळीस वर्षं जगला.

आता तुम्ही म्हणाल, मग डॉक्टर बरोबरच होते की! वाचवलं म्हणून तर एवढं आयुष्य मिळालं. पण डॅक्स स्वतः शेवटपर्यंत काय म्हणत राहिला? की माझं पुढचं आयुष्य चांगलं गेलं हे खरं, पण म्हणून माझ्यावर जबरदस्तीने उपचार करणं बरोबर ठरत नाही. तो निर्णय माझा होता. हे वाक्य डोक्यात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

दुसरी पेशंट: जिला बोलता येत नव्हतं

त्याच वर्षी, चार महिन्यांनी. २७ नोव्हेंबर १९७३. मुंबई, परळ, केईएम हॉस्पिटल.

अरुणा शानबाग. मूळची उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची. वय पंचवीस. केईएममध्येच नर्स होती. ड्युटी संपवून कपडे बदलत असताना हॉस्पिटलमधल्याच एका वॉर्डबॉयने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याला बांधायची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळली. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्या रात्रीनंतर अरुणा पुन्हा कधीच पहिल्यासारखी शुद्धीवर आली नाही.

हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा आरोप लावलाच गेला नव्हता. तो शिक्षा भोगून सुटला. अरुणा मात्र केईएमच्या वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या एका खोलीत राहिली. किती काळ? १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली तोपर्यंत. साडेएक्केचाळीस वर्षं.

या सगळ्या काळात तिला कुणी भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली? केईएमच्या नर्सेसनी. ज्यांनी तिला धडधाकट बघितलं होतं त्या निवृत्त झाल्या. नव्या आल्या, त्यांनी तिला फक्त त्या पलंगावरच पाहिलं, तरी तेच काम तसंच चालू ठेवलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होतात, पाठीला जखमा होतात, हे ज्याने घरी आजारी माणसाचं केलंय त्याला सांगायला नको. अरुणाच्या अंगावर असे व्रण नव्हते. सुप्रीम कोर्टाच्या निकालातही याची नोंद आहे. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला तिथून हलवायचं ठरवलं तेव्हा नर्सेसनी कडाडून विरोध केला आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

२००९ मध्ये पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांनी अरुणावर पुस्तक लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे जगणं नाही, हिला अन्न देणं थांबवून शांतपणे जाऊ द्या. केईएमचं म्हणणं होतं, आम्ही तिला सांभाळतोय, पुढेही सांभाळू, तिला जगू द्या.

म्हणजे बघा. डॅक्स बोलत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. अरुणा बोलू शकत नव्हती आणि सगळे तिच्या वतीने बोलत होते. एकाच वर्षातले दोन पेशंट, आणि वैद्यकीय नीतीचे जवळपास सगळे प्रश्न या दोघांत येऊन जातात.

चार तत्त्वं

आता थोडी थिअरी. घाबरू नका, पटकन संपवतो.

१९७९ मध्ये टॉम बोशॅम्प आणि जेम्स चिल्ड्रेस या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी चार तत्त्वं मांडली आणि आज जगभरच्या मेडिकल कॉलेजांत ती शिकवली जातात.

एक, स्वायत्तता. इंग्रजीत ऑटोनॉमी. माझ्या शरीराचं काय करायचं हे मी ठरवणार. मला नीट माहिती द्या, दबाव टाकू नका, आणि मी 'नको' म्हटलं तर ते नको मोजा.

दोन, हितकारिता. पेशंटचं भलं होईल असं करा.

तीन, अहितवर्जन. म्हणजे इजा करू नका. हे दुसऱ्यासारखंच वाटतं, पण वेगळं आहे. बरं करता येत नसलं तरी निदान त्रास वाढवू नका, हा त्याचा अर्थ. कितीतरी वेळा उपचारच त्रास देणारा असतो आणि त्यातून मिळत काहीच नसतं.

चार, न्याय. उपचार, पलंग, मशीन, पैसा, सगळं मर्यादित आहे. ते वाटायचं कसं? ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच, की ज्याला गरज आहे त्याला?

ही तत्त्वं हवेतून आली नाहीत. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. रोग कसा वाढत जातो ते बघायचं होतं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, खरं काय ते सांगितलंही नाही. हे बाहेर आल्यावर जो गदारोळ झाला, त्यातून नियम लिहायला सुरुवात झाली.

आता स्वायत्ततेचं आपल्याकडचं उदाहरण घेऊ, कारण 'हे सगळं अमेरिकेत चालतं, आपल्याकडे कुटुंब ठरवतं' असं नेहमी ऐकायला मिळतं. समीरा कोहली यांचा खटला. सुप्रीम कोर्टाचा निकाल २००८ चा. चव्वेचाळीस वर्षांच्या या बाई तपासणीसाठी लॅपरोस्कोपी करायला गेल्या. त्यांनी संमती दिली होती फक्त तपासणीला. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांना वाटलं की गर्भाशय आणि बीजांडकोश काढायला हवेत. बाहेर त्यांची आई बसली होती. आईची संमती घेतली आणि ऑपरेशन करून टाकलं.

कोर्टाने काय म्हटलं? पेशंट सज्ञान आहे, सक्षम आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे. जीव जाईल अशी तातडी नव्हती. मग तिच्या ऐवजी आईची संमती चालत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे उपचारासाठी दिलेली संमती नव्हे.

म्हणजे आपल्या कायद्यातही हे स्पष्ट आहे: शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची सही ही त्याचीच. आई, नवरा, मुलगा, कुणाचीही त्याच्या बदल्यात नाही. आणि तरीही आपल्याकडे काय होतं? कॅन्सरचं निदान झालं की डॉक्टर आधी मुलाला बाजूला घेतात, आणि मुलगा म्हणतो, 'आईला सांगू नका, ती खचेल.' हे प्रेमापोटीच असतं. पण उरलेले दिवस कसे घालवायचे हे ठरवायचा तिचा हक्क त्याच वाक्याने काढून घेतला जातो. तिला कदाचित गावी जायचं असेल. कुणाशी वर्षानुवर्षं मोडलेलं बोलणं सुरू करायचं असेल. माहितीच नसेल तर ठरवणार कशी?

तत्त्वं भांडतात तेव्हा

चार तत्त्वं पाठ करणं सोपं आहे. अडचण अशी की ती एकमेकांशी भांडतात, आणि कुणाला आधी मानायचं याचा क्रम कुठेही लिहिलेला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर चार नियम आहेत, पण प्रायॉरिटी सेट केलेली नाही.

डॅक्सचंच बघा. स्वायत्तता म्हणते, थांबा. हितकारिता म्हणते, वाचवा. मग तराजू कशाने धरायचा? इथे नीतीचे जुने सिद्धांत कामाला येतात. मी तीन सांगतो.

पहिला उपयुक्ततावाद. बेंथम आणि मिल ही नावं कॉलेजात ऐकली असतील. कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामावरून ठरवा. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. या हिशेबाने डॅक्सचे डॉक्टर बरोबर वाटतात, कारण शेवट गोड झाला. पण सावध राहा. टस्कीगीचं समर्थन करणारेही 'पुढे अनेकांचा फायदा होईल' असंच म्हणू शकले असते. आणि गंमत म्हणजे याच मिलने १८५९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात म्हटलंय की सज्ञान माणसावर केवळ त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी जबरदस्ती करता येत नाही. म्हणजे मिल डॉक्टरांच्या बाजूने उभा राहील की डॅक्सच्या, हे तितकंसं सरळ नाही.

दुसरा कर्तव्यवाद. जर्मन तत्त्वज्ञ कांट. परिणाम काहीही असो, काही गोष्टी करायच्याच नाहीत. माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही. या चष्म्यातून टस्कीगी सरळ गुन्हा ठरतो, चर्चेची गरजच नाही. डॅक्सच्या बाबतीत मात्र हाही चष्मा थोडा धूसर होतो. माणसाच्या विवेकाचा मान राखा असं म्हणणारा कांट आत्महत्येच्या मात्र विरोधात होता. उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या का, यावरच वाद आहे. आपल्या कोर्टांनी पुढे त्यात फरक केला, त्याकडे येतोच.

आणि तिसरा, जो मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे जपणुकीची नीती. १९८२ मध्ये कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक मुद्दा मांडला. त्या म्हणाल्या, नीतीचा विचार करताना आपण हक्क आणि नियम यांनाच धरून बसतो. पण बरीच माणसं, आणि त्यात बायका जास्त, वेगळ्या प्रश्नापासून सुरुवात करतात: या माणसाशी माझं नातं काय, आणि त्याला आत्ता माझ्याकडून काय हवंय?

केईएमच्या नर्सेसना कुणी गिलिगन वाचायला दिली नव्हती. पण त्यांचा युक्तिवाद नेमका हाच होता. कोर्टात वकील 'सन्मानाने मरण्याचा हक्क' म्हणत होते, आणि नर्सेसचं म्हणणं होतं, ती आमची आहे. तिला आवडीचं खायला दिलं, मासे किंवा चिकन सूप, की ती हसते. खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते. हे हक्काच्या भाषेत बसत नाही, पण खोटंही नाही. रोज भरवणाऱ्या माणसालाच हे कळतं.

कोर्टाने काय ठरवलं

कोर्टाने मुंबईच्या तीन डॉक्टरांची समिती नेमली. त्यांनी अरुणाला तपासलं, अहवाल दिला. ७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला.

निकालाचे दोन भाग आहेत आणि ते उलट दिशांना जातात असं आधी वाटतं.

पहिला भाग: विराणींची याचिका फेटाळली. कायद्यात 'नेक्स्ट फ्रेंड' अशी एक संकल्पना आहे. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणारा जवळचा माणूस. कोर्ट म्हणालं, विराणींच्या हेतूबद्दल आदर आहे, पण अरुणाची जवळची माणसं म्हणजे केईएमचा स्टाफ. इतकी वर्षं रात्रंदिवस ज्यांनी केलं, तेच तिच्या वतीने बोलणार. आणि ते म्हणतायत, जगू द्या.

दुसरा भाग: पण तत्त्वतः, बरं होण्याची आशा संपलेल्या पेशंटचे जीव लांबवणारे उपचार थांबवता येतील. हायकोर्टाच्या परवानगीने. म्हणजे निष्क्रिय दयामरणाचा दरवाजा भारतात उघडला तो अरुणाच्या नावाने, आणि तिला स्वतःला मात्र तो लागू झाला नाही.

इथे एक शब्दांचा घोळ निस्तरूया. त्या काळी बातम्यांत अरुणाच्या संदर्भात 'इच्छामरण' आणि 'दयामरण' हे दोन्ही शब्द सरसकट वापरले जात होते. पण इच्छामरणात इच्छा कुणाची? भीष्माची असते, ती त्याची स्वतःची. डॅक्सने जी मागितली ती इच्छा होती. अरुणाची इच्छा कुणालाच माहीत नव्हती. ती बाजूने होती की विरोधात, हे सांगता येणंच शक्य नव्हतं. दया होती, ती दोन्ही बाजूंकडे होती, आणि दोघांची दया दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती.

दुसरा फरक सक्रिय आणि निष्क्रिय यातला. इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं म्हणजे सक्रिय. ते भारतात गुन्हा आहे, आजही. व्हेंटिलेटर काढणं, किंवा मुळात न लावणं, आणि आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं म्हणजे निष्क्रिय. कायद्याने त्यालाच, ठरावीक पद्धतीने, परवानगी दिली आहे.

९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे पक्कं केलं. सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की मी बोलू शकणार नाही अशी वेळ आली तर माझं काय करायचं. यालाच लिव्हिंग विल म्हणतात. मराठीत 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणूया. प्रॉपर्टीचं मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे तो असतानाच कामाला येतं.

पण २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली असती. सहीला न्यायदंडाधिकारी लागायचा. मग २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाचं किंवा माणसांची नावं त्यात लिहायची. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली तर हॉस्पिटल डॉक्टरांची एक समिती बसवते, मग दुसरी समिती ते तपासते, आणि दोघींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. कागद लिहिलेला नसेल तरी घरच्यांच्या संमतीने अशाच दोन समित्यांमार्फत जाता येतं. कोर्टाची पायरी चढायची ती वाद झाला तरच. उपचार थांबवण्याआधी दंडाधिकाऱ्यांना हॉस्पिटलने कळवायचं असतं.

चौथं तत्त्व, ज्याच्यावर कुणी बोलत नाही

आतापर्यंत तीन तत्त्वांवर बोललो. न्याय राहिला. आणि मला वाटतं आपल्याकडे खरी मेख तिथेच आहे.

केईएम हे महापालिकेचं हॉस्पिटल. मुंबईतलेच नाही, राज्यभरातले गरीब पेशंट तिथे येतात. पलंग कमी, माणसं जास्त. अशा ठिकाणी एक खोली एका व्यक्तीसाठी चार दशकं. कोरडा हिशेब करणारा म्हणेल, तेवढ्यात कितीजण बरे होऊन गेले असते? पालिकेला तिला हलवावंसं वाटलं त्यामागे पलंगाचाच हिशेब होता. हा प्रश्न चुकीचा नाही. पण तिच्यावर हल्ला त्याच हॉस्पिटलमध्ये, ती तिथेच नोकरीवर असताना झाला होता. त्या संस्थेचं तिला देणं लागत होतं. न्याय म्हणजे फक्त समान वाटप नाही, कुणाचं काय देणं लागतो हेही त्यात येतं.

आता आजच्या खासगी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर या. तिथे उपचार थांबवायचा निर्णय कसा होतो? दोन डॉक्टरी समित्या वगैरे फार थोड्या ठिकाणी. बहुतेक वेळा बिल वाढत जातं, दागिने जातात, जमीन जाते, आणि एक दिवस घरचे म्हणतात, 'आम्ही घरी घेऊन जातो.' हॉस्पिटलच्या भाषेत याला 'लामा' म्हणतात, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध पेशंटला नेणं. कागदावर सही घरच्यांची. स्वायत्तता पूर्ण पाळली, असं तो कागद म्हणतो. पण ज्याच्यापुढे पर्यायच नाही त्याच्या सहीला संमती म्हणायचं का?

आणि सर्वात वाईट म्हणजे, असा पेशंट घरी जातो तो बहुतेकदा वेदना कमी करणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेशिवाय. व्हेंटिलेटर थांबला की देखभालही थांबली, असं आपण समजून चालतो. खरं तर उलट आहे. उपचार थांबतात तिथे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशमन आणि आधार देणारी सेवा, जोरात सुरू व्हायला हवी. मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' १९८६ पासून हेच काम करतं. भारतातलं ते पहिलं हॉस्पिस. टाटा हॉस्पिटलमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पण गाव-तालुक्याच्या पातळीवर ही सेवा किती जणांपर्यंत पोचते, हे तुमच्या आमच्या नात्यातली चार उदाहरणं आठवली तरी कळेल.

डॅक्सनेही नंतर वेदनांबद्दल सांगितलं होतं. त्याला मरण हवं होतं यामागे त्या रोजच्या यातनांचा मोठा वाटा होता. म्हणजे 'नको' म्हणणाऱ्या पेशंटचं ऐकायचंच, पण ऐकताना हेही विचारायचं की नेमकं काय नको आहे? जगणं नको आहे, की दुखणं?

मग आपण काय करायचं?

दोन गोष्टी. दोन्ही फुकट आहेत.

पहिली, डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न. फोनच्या नोट्समध्ये टाकून ठेवा. आयसीयूबाहेर डोकं चालत नाही, तेव्हा लिहिलेलंच उपयोगी पडतं.

एक, हे केल्याने काय साधेल: माणूस बरा होईल, थोडा वेळ मिळेल, की फक्त त्रास कमी होईल?
दोन, हे केलं नाही तर काय होईल?
तीन, दुसरा पर्याय कोणता?
चार, किती दिवस करून बघायचं, आणि कशावरून ठरवायचं की आता थांबूया?
पाच, दुखणं आणि धाप कमी करायला आत्ता काय चालू आहे?

चौथा प्रश्न फार महत्त्वाचा. मुदत आधी ठरलेली असली की नंतर 'आम्हीच मारलं' असं कुणाला वाटत नाही, आणि 'अजून दोन दिवस बघू' करत महिना जात नाही.

दुसरी गोष्ट, घरात बोलणं. हे अवघड आहे, मान्य. आपल्याकडे मरणाचं बोललं की लगेच 'शुभ बोल रे नाऱ्या' होतं. म्हणून थेट विचारू नका. हा एपिसोड ऐकला म्हणून सांगा. अरुणाची गोष्ट सांगा, आईबाबांच्या पिढीला ती ठाऊक असते. आणि मग विचारा, 'तुम्हाला काय वाटतं, काय करायला हवं होतं?' त्यांचं उत्तर अरुणाबद्दल असेल, पण तुम्हाला त्यांच्याबद्दल कळेल. बाबा म्हणतील, मला नळ्या लावू नका. आई कदाचित म्हणेल, मला शेवटपर्यंत करा, मला नातवंडं बघायचीत. दोन्ही उत्तरं ठीक आहेत. एकाच घरात दोन वेगळी उत्तरं निघू शकतात, म्हणूनच विचारायचं.

आणि स्वतःचंही सांगून ठेवा. डॅक्स आणि अरुणा, दोघंही पंचवीस-सव्वीसचे होते. आपल्याच वयाचे. हे फक्त म्हाताऱ्यांचं प्रकरण नाही.

मला विचाराल तर अरुणाच्या बाबतीत कोण बरोबर होतं, हे मला ठरवता येत नाही. विराणींचंही पटतं, नर्सेसचंही पटतं. पण एक नक्की. तिने हल्ल्याच्या आधी कधीतरी, ड्युटीवर चहा पिता पिता, एखाद्या पेशंटकडे बघून मैत्रिणीला नुसतं म्हटलं असतं की 'माझ्यावर अशी वेळ आली तर असं करा', तर सुप्रीम कोर्टापुढे निदान एक वाक्य तिचं स्वतःचं असतं. सगळ्यांच्या शब्दांमध्ये तिचा एकही शब्द नव्हता.

तर आज एवढंच. वैद्यकीय इच्छापत्राचा मसुदा कसा असतो, नोटरीकडे काय काय न्यायचं, यावर तुम्हाला वेगळा एपिसोड हवा असेल तर कळवा. एखाद्या माहितगार डॉक्टर आणि वकिलांना बोलावू, मी आपला प्रश्न विचारायला बसेन. घरी बोलणं झालं तर तेही लिहा. नावं नकोत, नुसतं काय झालं ते सांगा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.